लेकीचे पातळ केस, रोजचा गुंता आणि म्युनिकचं पाणी: नक्की काय वापरू?

जुळेसोलापूरची_लेक:

नमस्कार सगळ्यांना. माझं माहेर जुळे सोलापूरला, नवऱ्याच्या नोकरीमुळं दीड वर्ष झालं आम्ही म्युनिकला राहायलोय. प्रश्न लेकीच्या केसांचा आहे. सहा वर्षांची आहे, पहिलीत जाते, आणि रोज सकाळी सातला कंगवा हातात घेतला की घरात रडारड सुरू होते, माझाही जीव तुटतो म्हणून शेवटी इथं लिहायलीय.

केस कसे आहेत ते आधी नीट सांगते. संख्येनं कमी नाहीत, डोकं भरून आहेत, पण एकेक केस इतका बारीक की दोन बोटांत धरला तर धरलाय हे कळतसुद्धा नाही. लांबी खांद्याखाली चार बोटं. सकाळी विंचरून दोन क्लिपा लावून पाठवलं की दुपारी येईपर्यंत मानेच्या मागं, जिथं जॅकेटची कॉलर आणि मफलर येतो बरोब्बर तिथंच, लिंबाएवढा गोळा झालेला असतो. रात्री आईनं दिलेली सोलापुरी चादर डोक्यावरून घेऊन झोपायची सवय आहे तिला, आजीचा वास येतो म्हणते, त्यामुळं सकाळी परत तेच.

आतापर्यंत काय केलं : लहान मुलांचा सौम्य शांपू (कंडिशनर लहान मुलांना लावत नाहीत असं वाटायचं म्हणून लावला नाही), आईनं पाठवलेली शिकेकाई-रिठ्याची पूड (केसात अडकून बसते, धुवून निघतच नाही), मग इथं मिळालेला एक घट्ट हेअर मास्क, त्यावर खोबऱ्याचं चित्र होतं म्हणून विश्वासानं घेतला तर मुळाशी केस तेलकट चपटे आणि खाली गुंता तसाच.

कोडं असं की जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला आलो होतो, तीन आठवडे आईकडं होतो, तेव्हा एक दिवससुद्धा गुंता झाला नाही. नळाला पाणी चार-पाच दिवसाआड येतं पण आई न्हाणं कधी बोअरच्या पाण्यानं घालत नाही, नळाचं पाणी वेगळं भरून ठेवते. म्हणून मला संशय इथल्या पाण्याचा येतोय. किटलीत आठ दिवसात पांढरा थर धरतो. शॉवरला लावायचा फिल्टर ४० युरोला मिळतो तो घेऊ का? कंडिशनर घ्यायचा तर कुठला, दुकानात गेलं की शंभर बाटल्या आणि सगळं जर्मनमधे. की सरळ बॉबकट करू? तिला लांब वेणी हवीय, आजीसारखी, तेवढ्यासाठी जीव होत नाही.

आणि एक, सांगायला जड जातंय पण सांगते. व्हिडिओ कॉलवर सासरच्या एका नातलग बाईंनी तो गोळा बघितला आणि म्हणाल्या जट धरायली आहे, देवीची असेल, कात्री लावू नको. मी ऐकून घेतलं, पण रात्रभर डोक्यात तेच.

नऊवर्षं_जर्मनीत:

अगं ताई आधी ते जटेचं डोक्यातून काढून टाक, त्यावर इथं दुसरं कुणीतरी माझ्यापेक्षा चांगलं लिहील. मी बार्शीची, नऊ वर्षं झाली इकडं, माझे स्वतःचे केस असेच आहेत आणि पहिली दोन वर्षं मी पण दुकानात उभी राहून बाटल्या उलट्यासुलट्या करत होते, त्यामुळं तुला काय होतंय ते कळतंय.

बाटलीवर वाचायचे शब्द सांगते. श्प्यूलुंग म्हणजे कंडिशनर. हारकुअर म्हणजे मास्क, जड, तो तुझ्या लेकीला नको. फाइनेस हार म्हणजे पातळ केस, हे लिहिलेलंच घ्यायचं. केमश्प्रे म्हणजे विंचरायला सोपं जावं म्हणून मारायचा स्प्रे, हा लहान मुलांच्या कप्प्यात असतो आणि न धुता केसात ठेवायचा असतो. डीएम नाहीतर रोसमान, ही इथली दुकानं, दोन्हीकडं त्यांच्या घरच्या ब्रँडचे दोन-तीन युरोच्या आत मिळतात, महागाचं काही लागत नाही. चित्रावर जाऊ नको गं, नारळ काय आणि अवोकॅडो काय, मागची यादी वाच. यादीतली नावं भारतात आणि इथं एकाच पद्धतीनं लिहितात त्यामुळं एकदा ओळखीची झाली की कुठल्याही देशात वाचता येतात. पहिल्या पाच-सहा नावांत बेहेनट्रायमोनियम क्लोराइड किंवा सेट्रिमोनियम क्लोराइड दिसलं की गुंता सोडवणारा माल आत आहे असं समज. शिया बटर, खोबरेल, एरंडेल अशी नावं वरच्या बाजूला असतील तर ते जाड, कोरड्या, कुरळ्या केसांसाठी, ठेवून दे परत. तुझा तो मास्क असाच असणार.

सिलिकोनला लोक फार घाबरतात, बाटलीवर ओने सिलिकोने म्हणजे सिलिकोनविरहित असं मोठ्या अक्षरात लिहितात. माझं मत वेगळं आहे. सगळ्या बाजूंनी घसरणाऱ्या केसाला गाठ बसत नाही, आणि सिलिकोन नेमकं तेवढं करतं. पातळ केसाला अमोडायमेथिकोन (हे एक सिलिकोनच) असलेलं हलकं कंडिशनर मला तरी सगळ्यात लागू पडलं. मुळाला लावायचं नाही, कानाच्या खाली जेवढे केस तेवढ्यालाच.

आणि हो, लहान मुलांना कंडिशनर चालतं. डोळ्यात जाऊ देऊ नको आणि नीट धू, एवढंच.

रसायन_शिकवतो:

सोलापुरात गेली बरीच वर्षं कॉलेजला रसायनशास्त्र शिकवतो, पाण्याचं तेवढं सांगतो कारण ४० युरो वाया जाऊ नयेत असं वाटतं.

पाण्याचा जडपणा म्हणजे त्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. जर्मनीत तो अंश डीएचमध्ये मोजतात, ८.४ च्या खाली मऊ, ८.४ ते १४ मध्यम, १४ च्या वर जड. म्युनिकचं पाणी जडमध्ये येतं, आल्प्सच्या पायथ्याच्या चुनखडीतून येतं ते, म्हणून किटलीत थर. १ अंश म्हणजे लिटरला साधारण १७.८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे १६ अंश धरले तर २८५ च्या आसपास. तुलनेला सांगतो, आपल्याकडं पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. तुमच्या आई बोअर सोडून उजनीचं नळाचं पाणी केसांना ठेवतात हे अगदी बरोबर करतात, बसाल्टमधून वर येणारं बोअर बहुतेक वेळा नळापेक्षा जडच असतं.

आता हे केसावर काय करतं. साबण आणि जड पाणी एकत्र आलं की चिकट पांढरा साका तयार होतो, बादलीच्या कडेला बसतो तोच. तो केसावर बसला की केस खरबरीत. शांपूनं तसा साका होत नाही, पण कॅल्शियम थोडंथोडं केसाला धरतंच आणि केसाचे वरचे खवले एकमेकात अडकायला लागतात. जाड केसाला हे जाणवत नाही, बारीक केसाला लगेच.

शॉवरचा फिल्टर : बाजारात मिळणारे बहुतेक क्लोरीन काढतात. कॅल्शियम काढायला आयन बदलणारं रेझिन लागतं, ते मिठाच्या पाण्यानं पुन्हापुन्हा ताजं करावं लागतं, ते एवढ्याशा नळकांड्यात फार दिवस टिकत नाही. घेऊ नका. त्यापेक्षा पंधरा दिवसातून एकदा ज्याच्या यादीत टेट्रासोडियम ईडीटीए किंवा सोडियम फायटेट आहे असा शांपू वापरा, ही द्रव्यं कॅल्शियम पकडून नेतात. किंवा शेवटच्या पाण्यात १ लिटरला १ चमचा सफरचंदाचं व्हिनेगर.

इथं एक धोका आहे, कृपया नीट वाचा. जर्मन दुकानात व्हिनेगरच्याच शेजारी एसिग-एसेन्झ नावाची बाटली असते. ते २५ टक्के अॅसेटिक आम्ल असतं, साध्या व्हिनेगरच्या पाचपट, फरशी आणि किटली साफ करायला वापरतात. ते मुलीच्या डोक्याजवळ नेऊ नका. आपफेलएसिग म्हणजे सफरचंदाचं व्हिनेगर असं लिहिलेलं, ५ टक्केवालं घ्या आणि ते सुद्धा पातळ करून, डोळे मिटवून.

पूर्वभागातली_आक्का:

बाळ मी सांगायलीय आणि नात टाइप करायलीय, चुकलं तर समजून घे.

आमचं घर विणकराचं. लहानपणी शाळेतून आलं की चरख्यावर कांड्या भरायच्या, हेच काम. चादरीचं सूत जाड, १० नंबर २० नंबरचं, त्याची लड गुंतली तरी ओढून चालतं, तुटत नाही. पण लुगड्याचं ८० नंबरचं सूत, नंबर मोठा म्हणजे सूत बारीक, ते गुंतलं की आई हातात चापट मारायची, ओढायचं नाही म्हणून. लड दोन्ही हातात सैल धरून नुसती झटकायची, मोकळी करायची, मग टोक शोधायचं, आणि टोकाकडनंच उकलत वर यायचं. मधनं हात घातला की गाठ आवळलीच. तुझ्या लेकीचं केस म्हणजे ८० नंबरचं सूत बघ.

म्हणून असं कर. कोरड्या केसाला कंगवा लावूच नको. ती बया सांगते ते कंडिशनर लावलेलं असतानाच, ओल्या केसात, न्हाणीघरातच सोडव. आधी बोटानं. केसाचे चार भाग कर, एक भाग मुठीत धर, मूठ गुंत्याच्या वर असली पाहिजे म्हणजे ओढ मुळाला लागत नाही आणि लेकरू रडत नाही. मग मुठीखाली जी शेपटी राहिली ती टोकाकडनं दोन बोटं विंचर, मोकळी झाली की मूठ दोन बोटं वर. रुंद दाताचा कंगवा घे, बारीक दाताचा उवांसाठी ठेव. ताण्याला, म्हणजे कापडाच्या उभ्या धाग्यांना सुद्धा मागावर चढवायच्या आधी खळ देतात ती कशाला, सूत एकमेकाला घासून तुटू नये म्हणूनच की. तुझं कंडिशनर म्हणजे खळच समज.

दुसरं, टॉवेल. आपला सोलापुरी टर्किश टॉवेल अंग पुसायला एक नंबर, मी जन्मभर बघितलाय, पण त्याला जे फासे असतात त्यात असले बारीक केस अडकतात आणि तू जर डोकं खसाखसा पुसायलीस तर गुंता तूच करायलीस. जुना मऊ पंचा घे नाहीतर नवऱ्याचा जुना सुती बनियन, त्यात केस गुंडाळून नुसतं दाब.

चादर काढून घेऊ नको. आजीचा वास आहे त्यात. चादर गळ्यापर्यंत, आणि उशीवर जुन्या मऊ लुगड्याचं फडकं टाक, आणि झोपताना सैल वेणी घाल. आईकडं असताना गुंता झाला नाही म्हणतेस, तर आईला विचार दिवसातनं किती वेळा वेणी घालायची ती. मला वाटतं नळाच्या पाण्याएवढंच त्या वेणीचं काम आहे. आणि सोलापुरात मफलर कुठला आलाय बाई.

तेल : न्हायच्या आदल्या रात्री खोबरेल तेल, पण टाळूवर थापू नको, तळहातावर चार थेंब घेऊन नुसतं खालच्या केसाला चोळ.

जटेचं ऐक आता. आमच्या गल्लीत एका पोरीला असंच झालं होतं, आईबाप शेतात, कोण विंचरणार, गुंता झाला, त्याला मळ धरला, वाढत वाढत दोरखंड झाला आणि मग कोणतरी म्हणालं देवीचं बोलावणं आलंय. त्या पोरीची मान दुखायची, उवा झाल्या होत्या, रात्री झोपायची नाही. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या बाया आल्या, घरच्यांना समजावलं आणि कात्रीनं कापून टाकली. काही झालं नाही कुणाला. ती पोरगी आता दोन लेकरांची आई आहे. देवी लेकराच्या मानेवर कशाला बसेल गं. सुटत असेल तर सोडव, नसेल सुटत तर तेवढा गोळा काप आणि त्या बाईला सांग की आक्का म्हणाली.

नऊवर्षं_जर्मनीत:

आक्का, मुठीत धरून विंचरायचं तुम्ही सांगितलं ते मला नऊ वर्षात कुणी सांगितलं नव्हतं, आज माझ्यावरच करून बघितलं, खरंच ओढ लागत नाही.

तेलाचं थोडं वेगळं म्हणणं आहे. खोबरेल खरंच केसाच्या आत शिरतं, २००३ मध्ये मॅरिकोच्या संशोधकांनी सूर्यफूल आणि मिनरल ऑइलशी ताडून बघितलं होतं, धुताना केसातलं प्रोटीन कमी जातं ते फक्त खोबरेलनं असं निघालं. कंपनी खोबरेल विकणारीच आहे हे लक्षात ठेवून वाचायचं, पण कारण पटण्यासारखं आहे, त्याचे रेणू लहान आणि सरळ असतात. अडचण अशी की इथं हिवाळ्यात ते दगड होतं, साधारण २४ अंशाला गोठतं. लोक वाटीत खरवडून तसंच लावतात आणि मग ते कण केसात राहून दोन वेळा शांपू करावा लागतो. तर बाटली गरम पाण्यात धरून पूर्ण पातळ कर, आणि रात्रभर नको, न्हायच्या आधी तासभर पुरे. रात्रभर तेलात हीटरच्या खोलीत झोपलं की उशीची सगळी लव केसाला.

हीटरवरून आठवलं, हिवाळ्यात हवा इतकी कोरडी होते की टोपी काढली की केस उभे राहतात, त्यानंही गुंता होतो. शाळेत जाताना वेणी घालून ती जॅकेटच्या आत घालायची, बाहेर नाही, आणि मफलरच्या आतून एक गुळगुळीत कापडाची पट्टी शिवून टाक. पाच मिनिटाचं काम आहे.

सातरस्ता_पार्लर:

पार्लर चालवते, बाहेरगावाहून सुट्टीला आलेल्या मुली हेच गाऱ्हाणं घेऊन येतात म्हणून दोन गोष्टी बोलते.

कंगव्यात येणारे केस एकदा बघा. टोकाला पांढरा बारीक ठिपका असेल तर तो मुळापासून गळालाय, रोज थोडे गळतातच, काळजी नाही. ठिपका नसेल आणि तुकडे आखूड असतील तर केस मधेच तुटायलेत, म्हणजे विंचरण्यात आणि घासण्यात चूक आहे. मुळासकट मुठीनं यायला लागले किंवा डोक्यावर चकती पडली तर तेल-कंडिशनरच्या नादी न लागता तिथल्या डॉक्टरांना दाखवा, रक्तात लोह आणि थायरॉइड बघतील.

बॉबकट नको, तिला वेणी हवीय ना. पण दर दोन-तीन महिन्यांनी टोकं अर्धा बोट कापा, दुभंगलेली टोकंच सगळ्यात आधी एकमेकात अडकतात. कंडिशनरमध्ये पाणी घालून घरी स्प्रे करायचा सल्ला कुणीतरी देईलच, करायचा तर एका दिवसापुरता करा आणि उरलेला ओतून द्या, पाणी घातल्यावर त्यातलं टिकवणारं द्रव्य पातळ होतं आणि त्यात बुरशी धरते. शिकेकाईची पूड पातळ केसाला नकोच, फार वाटलं तर उकळून, पातळ सुती कपड्यातून दोनदा गाळून नुसतं पाणी वापरा.

जुळेसोलापूरची_लेक:

तीन आठवड्यांनी लिहायलीय, मुद्दाम थांबले होते, नीट करून बघून मगच सांगावं म्हणून.

फिल्टर घेतला नाही. फाइनेस हार लिहिलेलं श्प्यूलुंग दोन युरोच्या आत मिळालं, मागं बेहेनट्रायमोनियम तिसऱ्या नंबरला होतं, दुकानात उभी राहून शोधलं आणि सापडल्यावर डोळ्यात पाणी आलं खरं. ईडीटीएवाला शांपू एकदा झालाय. केमश्प्रे मुलीला फार आवडलाय, स्वतःच मारून घेते.

आईला फोन करून विचारलं. म्हणाली सकाळी एक, दुपारी झोपायच्या आधी एक आणि संध्याकाळी दिवा लावायच्या आधी एक, तीन वेळा वेणी घालत होते, तुला कधी दिसलं नाही का. आक्का, तुम्ही न बघता ओळखलंत.

तो मानेमागचा गोळा पहिल्या रविवारी सोडवायला बसले. टबमधे कोमट पाणी, तिला पुढ्यात बसवलं, कंडिशनर भरपूर, मूठ वर धरून टोकाकडनं. एक तास दहा मिनिटं लागली. मधे दोनदा ती म्हणाली आई दुखत नाहीये, तू थांबू नको. शेवटी वाटाण्याएवढी गाठ राहिली ती काही केल्या सुटेना, मग नखं कापायच्या छोट्या कात्रीनं तेवढी कापली, जेमतेम आठ-दहा केस गेले. कापलेली गाठ तिला दाखवली, तिनं ती तळहातावर घेऊन बराच वेळ बघितली आणि विचारलं, एवढीशीच होती?

सासरच्या त्या बाईंना मी स्वतः फोन केला. भांडले नाही. केस मोकळे केलेला फोटो पाठवला आणि आक्कांच्या गल्लीतल्या पोरीचं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या माझ्या बहिणीची जट कुणी सोडवलीच नाही गं, तशीच राहिली ती. मला पुढं काय बोलावं कळेना, त्यांनीच विचारलं की ते कंडिशनर सोलापुरात मिळतं का. पार्लरवाल्या ताई, फाइनेस हारसारखं पातळ केसांसाठी हलकं काय देता येईल त्यांना, दुकानदाराला नेमकं काय म्हणून मागायचं ते लिहा ना, मी त्यांना तसंच पाठवते.

सातरस्ता_पार्लर:

हो ताई. दुकानदाराला म्हणावं पातळ केसांचं, तेल नसलेलं कंडिशनर द्या, आधी लहान पाउच मागा, आवडलं तर बाटली. मागं सेट्रिमोनियम किंवा बेहेनट्रायमोनियम बघून घ्या. आणि त्यांना नवी पेठेत जायला जमत नसेल तर माझ्याकडं पाठवा, त्यांच्या बहीण असतील तर त्यांनाही घेऊन यायला सांगा. दुपारी दोन ते चार पार्लर रिकामं असतं, कुणी बघायला नसतं, निवांत बसून सोडवते. पैसे घेणार नाही.